हुकोऊ

हुकोऊ : चीनमधील कुटुंबनोंदणीची व्यवस्था. मुलांना कोणत्या शाळेत प्रवेश मिळेल, दवाखान्याचा किती खर्च परत मिळेल, म्हातारपणी किती निवृत्तिवेतन हाती पडेल, हे चिनी नागरिकाच्या बाबतीत तो कुठे राबतो यापेक्षा त्याची नोंद कुठे आहे यावर ठरत आले आहे. चीनच्या औद्योगिक भरभराटीची चर्चा निर्यातीच्या आकड्यांवरच थांबते. त्या भरभराटीची किंमत कोणी मोजली, हे मात्र या नोंदवहीत दिसते.

नोंद पोलीस ठाण्यात असते आणि तिची पुस्तिका घरी असते. पुस्तिकेत सुरुवातीला कुटुंबाचा प्रकार, कुटुंबप्रमुखाचे नाव व पत्ता असतो. पुढे प्रत्येक सदस्याला एक पान असते, त्यावर जन्मतारीख, मूळगाव, शिक्षण, व्यवसाय आणि कुटुंबप्रमुखाशी नाते लिहिलेले असते. विवाहनोंदणीसाठीही ही पुस्तिका दाखवावी लागे. ती अट मे २०२५ मध्ये रद्द झाली.

१९५४ च्या संविधानाने नागरिकांना वास्तव्य बदलण्याचे स्वातंत्र्य दिले होते. जानेवारी १९५८ मध्ये आलेल्या नोंदणी कायद्याने ते व्यवहारात काढून घेतले आणि १९७५ च्या संविधानातून तर ते कलमच गेले. यामागे धान्याचा हिशेब होता. सरकार शेतकऱ्यांकडून ठरवून दिलेल्या कमी भावात धान्य उचलत असे आणि शहरी कामगारांना ते शिध्यावर देत असे. शिधा घेणारी तोंडे वाढू नयेत म्हणून खेड्यातल्या माणसाला खेड्यातच अडकवणे भाग होते. लोकसंख्येचे ‘शेतकी’ आणि ‘बिगरशेतकी’ असे दोन भाग पडले. हा शिक्का जन्माने मिळे आणि १९९८ पर्यंत तो आईकडून येई. त्यामुळे बाप शहरी असला तरी खेडवळ आईचे मूल शेतकीच राही. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात या विभागणीचे भयंकर रूप दिसले. शहरांत अपुरा का होईना, शिधा मिळत होता. धान्य पिकवणाऱ्या खेड्यांत कोट्यवधी माणसे मेली.

१९७८ नंतर आर्थिक सुधारणा सुरू झाल्या. शेन्झेनसारख्या शहरांतील कारखान्यांना मजूर हवे होते, म्हणून खेड्यातून बाहेर पडण्याची वाट मोकळी झाली; हक्क मात्र गावीच राहिले. तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना जवळ नसेल तर पोलीस पकडून डांबत आणि गावी परत पाठवत. २००३ मध्ये ग्वांगचौ येथे अशाच कोठडीत एका २७ वर्षांच्या तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला. त्यावर देशभर इतका संताप उसळला की काही महिन्यांतच सरकारने पकडून परत पाठवण्याची ती पद्धत रद्द केली.

सर्वांत खोल घाव मुलांवर झाला आहे. कारखान्याच्या वसतिगृहात राहणाऱ्या आईबापांना मूल जवळ ठेवता येत नाही. आणि ठेवले तरी विद्यापीठ प्रवेशाची ‘गावखाओ’ परीक्षा साधारणपणे नोंद असलेल्या प्रांतातूनच द्यावी लागते. म्हणून शहरात वाढलेली मुलेही माध्यमिक शिक्षणाच्या वयात अनोळखी झालेल्या गावी परततात. आजीआजोबांकडे वाढणाऱ्या अशा ‘मागे राहिलेल्या मुलांची’ संख्या २०१३ मध्ये अखिल चीन महिला महासंघाने सुमारे ६ कोटी सांगितली होती. अनेकांची आईवडिलांशी भेट वर्षातून एकदा, वसंतोत्सवाच्या म्हणजे चिनी नववर्षाच्या सुटीत होते. या मुलांना वाढवण्याचा खर्च खेड्याने सोसला आणि त्यांच्या आईबापांच्या श्रमाचा लाभ शहराने घेतला. ही उघड अन्यायाची वाटणी होती.

२०१४ मध्ये शेतकी व बिगरशेतकी हा भेद संपवण्याचे धोरण जाहीर झाले, तर २०१६ पासून स्थानिक नोंद नसलेल्यांना शहरातील काही सेवा देणारा वास्तव्य परवाना देशभर लागू झाला. लहान शहरांत आता नोंद सहज मिळते. पण नोकऱ्या आणि उत्तम शाळा जिथे आहेत त्या बीजिंग व शांघायमध्ये नोंद देताना शिक्षण, सामाजिक विमा भरल्याची वर्षे यांवर गुण मोजले जातात, आणि त्यात बांधकाम मजूर किंवा सफाई कामगार क्वचितच बसतो. २०२० च्या जनगणनेत सुमारे ६४ टक्के लोक शहरांत राहत होते, तर शहरी नोंद सुमारे ४५ टक्के लोकांकडेच होती.

खेड्यातील नोंद सोडायला आता सगळेच तयार नाहीत. तिच्यामुळे गावच्या सामूहिक जमिनीतला कसण्याचा वाटा आणि घरासाठीची जागा मिळते. शहरातली नोकरी गेली तर परतायला तेवढाच आधार असतो. म्हणून लहान शहराची नोंद मिळत असूनही अनेक मजूर ती घेत नाहीत.