ऑइल कॅच कॅन आला कुठून?

गेल्या डिसेंबरात कोथरूडच्या एका गॅरेजात मेकॅनिकने एका पोलो टीएसआयचा कॅच कॅन, म्हणजे इंजिनाच्या वायूतलं तेल झेलणारा डबा, सोडवून चहाच्या ग्लासात ओतला. कॉफीच्या रंगाचं, पेट्रोलचा भपका मारणारं तेल. "बघा साहेब, एवढं सगळं इंजिन पीत होतं!" मालक खूश. ग्लास पाच मिनिटं ठेवला, तर खाली पाण्याचा थर बसला. थंडीत कोथरूड-डेक्कन एवढीच फेरी, इंजिन धड तापतही नसणार.

पिस्टन रिंग नव्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या कडेने क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत, उतरतोच. त्याला वाट दिली नाही, तर सील गळायला लागतात. पूर्वी ही वाट म्हणजे एक नळी, थेट रस्त्याकडे तोंड केलेली. जुन्या ट्रकखाली ती धूर सोडताना दिसायची. आपले मेकॅनिक आजही डिपस्टिक उपसून धूर बघतात आणि "बॅक कॉम्प्रेशन मारतंय" म्हणत इंजिनाची कुंडली मांडतात.

ही नळी बंद झाली ती लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. सूर्यप्रकाशात हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून ते धुरकं होतं, हे कॅलटेकच्या आरी हागेन-स्मिट यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. क्रँककेसचा वायू इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढण्याच्या वाटेत, परत ओढून जाळणारी पीसीव्ही यंत्रणा कॅलिफोर्नियाने 1961 मध्ये सक्तीची ठरवली. हीच युक्ती दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांना खोल पाण्यातून जाताना कामी आली होती, पण तेव्हा धास्ती धुराची नव्हती, नळीतून इंजिनात पाणी शिरण्याची होती. आपल्याकडेही नव्या मॉडेलच्या मंजुरीत क्रँककेसचा वायू बाहेर सुटत नाही ना, हे तपासलं जातं. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची वाहन-चाचणी संस्था एआरएआय असल्या मंजुरीचंच काम करते.

डब्याचं घराणं मात्र वेगळं, रेसिंगचं. ट्रॅकवर तेल सांडलं की मागचा घसरलाच. म्हणून ब्रीदर, म्हणजे क्रँककेसची नळी, उघडा असेल तर ते तेल झेलायला टाकी हवी, असा मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेचा, एफआयएचा नियम: 2000 सीसीपर्यंत 2 लिटर, त्यापुढे 3. व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणं हे काम त्याच्याकडे फार उशिरा आलं.

ते आणलं डायरेक्ट इंजेक्शनने. मित्सुबिशीने 1996 मध्ये असं जीडीआय इंजिन बाजारात आणलं, पुढे इतरही त्याच वाटेने गेले. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडू लागल्यावर इनटेक व्हॉल्व्ह धुणारं कोणी उरलं नाही आणि तेलाच्या वाफेचा कार्बन त्यांच्यावर चढू लागला. टोयोटाने सिलिंडरमध्ये आणि व्हॉल्व्हच्या आधी असे दोन्हीकडे इंजेक्टर बसवून यातून वाट काढली. आपल्याकडे 2013 मध्ये चाकणहून डायरेक्ट इंजेक्शनची पोलो जीटी टीएसआय आली आणि तिच्या हौशी मालकांत हा डबा बोलण्यात येऊ लागला.

माझं मत विचाराल, तर साध्या पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच फवारणाऱ्या गाडीला हा वायफळ खर्च. तेल वेगळं करून सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या टाकीत, परत सोडणारा सेपरेटर कंपनीने आधीच दिलेला असतो. टीएसआयसारख्या गाडीला लावायचाच, तर आतून जाळीचा आणि परत इनटेकला जोडलेला बंद कॅन लावा; तरी कार्बन थोडा कमी होईल, थांबणार नाही. वर छोटा फिल्टर खोचलेला उघडा कॅन म्हणजे पुन्हा तीच ट्रकखालची नळी. वॉरंटीचा वाद वेगळाच.

आणि डबा भरला, तर ते सगळं पाणीतेल एकदम इनटेकमध्ये ओढलं जातं. दर महिन्याला बॉनेट उघडून हा रिकामा कोण करणार, असं मी पोलोवाल्याला विचारलं. त्याने मेकॅनिककडे पाहिलं, मेकॅनिकने ग्लासाकडे.