नजरेतून सुटणे वेगळे, निवाडा झुकणे वेगळे

माणसाला जे पाहायचे असते तेच दिसते, हे वाक्य हल्ली मानसशास्त्राचा सिद्धांत असल्यासारखे वापरले जाते. पायचीतचा निर्णय असो, मोर्चाची चित्रफीत असो किंवा निवडणुकीची वादावादी असो, हे वाक्य फेकले की चर्चा मिटली असे मानण्यात येते. माझा आक्षेप असा की त्यात दोन अगदी वेगळ्या घटना एकत्र कोंबल्या आहेत. एक, एखादी गोष्ट नजरेतून सुटणे. दुसरी, ती व्यवस्थित दिसूनही तिच्याविषयीचा निवाडा आपल्या बाजूला झुकणे.

पहिली घटना अवधानाची असून तिच्याविषयी फार सांगावे लागत नाही. भर गर्दीत कोणी आपले नाव घेतले की कान टवकारतात. नेव्हिल मोरे यांनी 1959 साली हे प्रयोगातून दाखवले: एका कानातला मजकूर मोठ्याने म्हणत असलेल्यांच्या दुसऱ्या कानात त्यांचेच नाव घेतले, तेव्हा साधारण एक तृतीयांश जणांच्याच ते लक्षात आले. (उरलेल्या दोन तृतीयांश जणांच्या ते लक्षातच आले नाही, हे सांगायला मात्र बहुतेक जण विसरतात.) पुढे 2012 मध्ये जिए सुई, शुन हे आणि ग्लिन हम्फ्रीज यांनी त्रिकोण, वर्तुळ, चौकोन अशा निर्जीव आकृत्यांपैकी एक ‘मी’शी, एक मित्राशी आणि एक अनोळखी व्यक्तीशी जोडायला सांगितली, तर ‘मी’शी जोडलेली आकृती अधिक लवकर आणि अधिक अचूक ओळखली गेली. त्या आकृतीत प्रेम करण्यासारखे काहीच नव्हते. ती फक्त ‘माझी’ ठरली होती. जाता जाता एवढेच सांगतो की चित्रफितीतली चेंडूफेक मोजण्यात गुंतल्यामुळे मधून जाणारा गोरिला न दिसण्याच्या प्रसिद्ध प्रयोगाचा गटभावनेशी काडीचाही संबंध नाही, तेव्हा तो या वादात कृपया आणू नये.

खरी गल्लत दुसऱ्या घटनेपाशी होते, आणि तिचा उगम बहुधा एका जुन्या अभ्यासाच्या उथळ वाचनात असतो. नोव्हेंबर 1951 मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकी विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. त्यात प्रिन्स्टनचा नामांकित खेळाडू डिक काझमायर नाक फुटून बाहेर गेला आणि नंतर डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. आल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल यांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याचा तोच चित्रपट दाखवून नियमभंग टिपायला सांगितले आणि निष्कर्ष 1954 मध्ये प्रसिद्ध केले. डार्टमथचे नियमभंग प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सरासरी 9.8 टिपले, तर डार्टमथच्या विद्यार्थ्यांनी 4.3. मात्र प्रिन्स्टनचे नियमभंग दोन्ही गटांनी जवळपास सारखेच, म्हणजे 4.2 आणि 4.4 टिपले. ‘प्रत्येकाला समोरच्याचेच दोष दिसतात’ या लोकप्रिय सारांशात ही दुसरी जोडी बसत नाही, म्हणून ती सहसा गाळली जाते.

दोन गटांनी जणू वेगवेगळे सामनेच पाहिले, अशी संशोधकांची मांडणी होती. मला ती पटत नाही, कारण या आकड्यांवरून ते ठरवताच येत नाही. डार्टमथच्या विद्यार्थ्याला तो धक्का दिसलाच नाही, की दिसला पण त्याने तो ‘खेळात चालायचेच’ म्हणून सोडून दिला? दोन्ही बाबतीत कागदावरची खूण सारखीच गायब असते. हा फरक उकलायचा तर जिथे नियमभंग मुळीच झालेला नाही अशी दृश्येही दाखवावी लागतात. अवधान कमी पडले असेल तर खरे नियमभंग निसटतात, पण खोटे आरोप वाढत नाहीत. निकषच प्रतिस्पर्ध्यासाठी कडक झाला असेल, तर त्याचे खरे नियमभंग अधिक सापडतात आणि त्याच्या निर्दोष हालचालीही अधिक वेळा दोषी ठरतात. चेझ फायरस्टोन आणि ब्रायन शॉल यांनी 2016 मध्ये हाच मुद्दा व्यापक स्वरूपात मांडला: अपेक्षा किंवा इच्छा दृष्टीच बदलतात असे सांगणारे बहुतेक प्रयोग प्रत्यक्षात निवाडा किंवा स्मृती मोजत असतात.

क्रिकेटने हा भेद प्रयोगशाळेबाहेर आपोआप करून दाखवला आहे. पायचीतच्या वेळी पंचाची नजर चेंडूवरच असते. प्रश्न असतो तो संशयाचा फायदा फलंदाजाला किती उदारपणे द्यायचा याचा, आणि यजमान देशाच्या पंचांवर आरोप होत ते याच जागी. त्यावरचा उपायही म्हणून माणूस बदलण्याचा निघाला. 1986 मध्ये लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्या कसोटीत पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे भारतीय पंच उभे राहिले. 1994 पासून कसोटीत एक आणि 2002 पासून दोन्ही पंच तटस्थ देशांचे असावेत, असा नियम आला. पुढच्या पायाचा नोबॉल मात्र तटस्थ पंचाकडूनही सुटतच राहिला, कारण तिथे पक्षपाताचा प्रश्नच नाही: गोलंदाजाचा पाय पाहून लगेच नजर फलंदाजाकडे न्यावी लागते, आणि त्या क्षणात रेषा निसटते. त्यासाठी पडद्यासमोरचा तिसरा पंच लागला, जसा 2020 च्या महिला टी-ट्वेंटी विश्वचषकात नेमला गेला.

‘नीट पाहा म्हणजे पटेल’ हा सल्ला म्हणूनच मला वैताग आणतो. याएल ग्रॅनो, एमिली बाल्सेटिस आणि सहकाऱ्यांनी 2014 च्या अभ्यासात पोलीस आणि नागरिक यांच्या झटापटीच्या चित्रफिती दाखवताना लोकांची नजर कुठे स्थिरावते हे मोजले. पोलिसाकडे कमी वेळा पाहणाऱ्यांत, त्यांना पोलिसांविषयी आपलेपणा असो वा नसो, पोलिसाला द्यायच्या शिक्षेबाबतच्या मतांत फारसा फरक पडला नाही. फाटाफूट झाली ती पोलिसाकडे वारंवार पाहणाऱ्यांत.