जठरातल्या चांदण्या

सांगली-मिरजेकडे घरोघरी एक्स-रे आणि रिपोर्टांची पिशवी असते आणि त्यात 'अँट्रल गॅस्ट्रायटिस' (गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराचा दाह, सूज) लिहिलेला एखादा कागद हमखास निघतो. आमच्या पिशवीत असे तीन आहेत. त्यांवरचे लालभडक फोटो बघून वडिलांनी भडंग सोडलं. पण साध्या दुर्बिणीतून जठराचं अस्तर लाल दिसलं म्हणजे सूज आहेच असं नाही, आणि गुलाबी दिसलं म्हणून ती नाहीच असंही नाही. दाह म्हणजे अस्तरात शिरलेल्या पांढऱ्या रक्तपेशी. त्या साध्या दुर्बिणीला दिसत नाहीत.

वर्धक दुर्बीण अस्तर ८० ते १०० पट मोठं करून दाखवते. तिच्या टोकाला मऊ रबरी टोपी बसवून ती अस्तराला हलकेच टेकवतात. त्यामुळे अंतर कायम राहतं. नाहीतर रुग्णाच्या दर श्वासाला चित्र हलणार.

निरोगी जठराच्या मधल्या भागात काय दिसतं? ग्रंथींची तोंडं, टाचणीने टोचल्यासारखे गोल ठिपके. प्रत्येक ठिपक्याभोवती केशवाहिन्यांचं कडं. सगळं मिळून मधाचं पोळंच. या जाळ्यातलं रक्त जरा खोलवरच्या शिरांत उतरतं आणि त्या शिरा ठरावीक अंतरावर चांदण्यांसारख्या फाकलेल्या दिसतात. जपानच्या काझुयोशी यागी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की या चांदण्या नीट मांडलेल्या असतील तर त्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बहुधा नसतो. (हा जंतू जठराला सुजवतो हे पटवायला बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः प्यायला होता! पुढे २००५ मध्ये त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळालं.)

कृष्णेला पूर आला की घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. त्या वाहून गेलेल्या नसतात, पाण्याखाली असतात. इथेही तसंच: अस्तर सुजलं की आधी खोलवरच्या चांदण्या झाकल्या जातात. दाह वाढला की पोळ्याची जाळीही विस्कटते, ठिपके रुंद आणि लांबट होतात. औषधांनी जंतू गेल्यावर काही जणांत चांदण्या पुन्हा दिसू लागतात.

रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून निळा आणि हिरवा असा निवडक प्रकाशही वापरतात, साधारण ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचा. हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, त्यामुळे वरवरच्या वाहिन्या तपकिरी दिसतात. याच प्रकाशात काही ठिकाणी फिकट निळी किनार चमकते. जठराचं अस्तर तिथे आतड्यासारखं झाल्याची ती खूण, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण अशा जठरात कर्करोगाचा धोका वाढलेला असतो.

आता गंमत पाहा. 'अँट्रम' म्हणजे जठराचा खालचा भाग, आणि तिथे या चांदण्या निरोगी माणसातही दिसत नाहीत. शोधायच्या त्या वर, मधल्या भागात. शिवाय दुर्बीण कितीही बारीक पाहू दे, दाह नक्की किती हे अस्तराचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणारे पॅथॉलॉजिस्टच सांगतात. आमच्या तीन कागदांपैकी तुकडा घेतल्याचा उल्लेख एकावरच आहे.