जस्त, शिसे आणि शुक्राणू : दोन वाटांनी आलेले संशोधन

पुरुष वंध्यत्वाचा विषय निघाला की हल्ली ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचे, म्हणजे प्राणवायूपासून तयार होणाऱ्या क्रियाशील रेणूंमुळे पेशींवर येणाऱ्या ताणाचे, नाव निघते आणि पाठोपाठ जस्त-सेलेनियमच्या गोळ्या येतात. जणू दुखणे आणि औषध दोन्ही ठरलेले आहे. पण प्राणवायूमुळे शुक्राणूंचे होणारे नुकसान आणि धातूंचा परिणाम, हे दोन्ही अभ्यास कित्येक वर्षे वेगवेगळ्या प्रयोगशाळांत चालले होते. त्यांची गाठ पडली ती बऱ्याच उशिरा.

प्राणवायूची बाजू १९४३ मध्ये पुढे आली. अमेरिकेत जॉन मॅक्लाउड यांना दिसले की भरपूर प्राणवायूत ठेवलेले मानवी शुक्राणू लवकर मंदावतात, पण कॅटलेज हे विकर (एन्झाइम) घातले तर त्यांची हालचाल टिकते. कॅटलेजचे काम हायड्रोजन पेरॉक्साइड मोडण्याचे. म्हणजे शुक्राणूला त्रास होतो तो प्राणवायूपासून तयार होणाऱ्या पेरॉक्साइडचा. हे निरीक्षण काळाच्या फार पुढचे होते. १९७९ मध्ये जोन्स, मान आणि शेरिन्स यांनी मानवी शुक्राणूंच्या पडद्यातील मेदाचे पेरॉक्सिडीकरण (प्राणवायूमुळे होणारी खराबी) आणि मंदावणारी हालचाल यांचा संबंध दाखवला. १९८७ मध्ये एटकिन आणि क्लार्कसन यांनी सदोष शुक्राणू स्वतःच पेरॉक्साइडसारखे क्रियाशील प्राणवायू-रेणू जास्त तयार करतात, हे मांडले.

शुक्राणूच एवढा नाजूक का? त्याच्या पडद्यात बहुअसंतृप्त मेदाम्ले ठासून भरलेली असतात आणि ती सहज ऑक्सिडीकृत होतात. पेशीद्रव जवळजवळ उरलेलेच नसते, त्यामुळे बचाव करणारी विकरेही थोडी. डीएनए तुटला तर तो सांधण्याची सोय नगण्य. आणि तरीही हे क्रियाशील रेणू थोड्या प्रमाणात हवेच असतात. १९९० च्या दशकात द लामिरांद आणि गान्यों यांनी दाखवले की फलनासाठी शुक्राणू सज्ज होण्याच्या प्रक्रियेत त्यांचा हातभार लागतो. अँटिऑक्सिडंट म्हणजे हे रेणू निकामी करणारी द्रव्ये; ती 'जितकी जास्त तितकी चांगली' हे गणित इथेच चुकते.

धातूंची वाट आणखी जुनी. वीर्यात जस्त भरपूर असते, हे १९२१ मध्येच फ्रान्समध्ये बेरत्राँ आणि व्लादेस्को यांनी नोंदवले होते. त्यातले बहुतेक जस्त प्रोस्टेट ग्रंथीतून येते आणि शुक्राणूच्या डोक्यातील गुणसूत्रद्रव्य घट्ट बांधून ठेवायला मदत करते. जस्त कमी पडले तर माणसाचे काय होते, ते आनंद प्रसाद यांनी १९६१ मध्ये इराणमधून आणि १९६३ मध्ये इजिप्तमधून दाखवले: उंची खुंटलेले, लैंगिक वाढ न झालेले तरुण. जस्त दिल्यावर त्यांची वाढ सुरू झाली.

मला या सगळ्यात सर्वात बोलका वाटतो तो प्रागमधील पारिझेक यांचा प्रयोग. १९५६ मध्ये त्यांनी आणि झाहोर यांनी उंदरांना कॅडमियम या विषारी धातूचा एकच छोटा डोस टोचला आणि त्यांचे वृषण नासले. पुढच्याच वर्षी पारिझेक यांनी सोबत भरपूर जस्त दिले, तर वृषण वाचले. एका धातूने केलेला घात दुसऱ्याने अडवला होता. कारण नीट समजायला पुढे खूप वर्षे लागली. लोखंड आणि तांबे पेरॉक्साइडवर थेट क्रिया करून हायड्रॉक्सिल मूलक हा अतिशय विध्वंसक क्रियाशील रेणू तयार करतात. यातली लोखंड आणि पेरॉक्साइडची अभिक्रिया फेंटन यांनी १८९४ मध्येच वर्णिली होती. कॅडमियम हे स्वतः करत नाही. ते ग्लुटाथायोनसारखी संरक्षक द्रव्ये अडकवून ठेवते आणि जस्ताच्या जागा बळकावते. शिशाचा मार्गही बराचसा असाच. १९७५ मध्ये रोमानियातील बॅटरी कारखान्याच्या कामगारांच्या वीर्यात शुक्राणूंची हालचाल कमी आणि विकृत आकार जास्त आढळले, ते शिशाच्या संपर्कामुळे.

सेलेनियम तसे धातू नव्हे, पण या कथेत ते हवेच. १९९९ मध्ये उर्सिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सेलेनियम असलेले एक अँटिऑक्सिडंट विकर पक्व शुक्राणूच्या मध्यभागात चक्क बांधकामाचा भाग होऊन बसते. शेपटीची ताकद त्यावर अवलंबून असते.

एवढे कळल्यावर गोळ्या देण्याचा मोह समजण्यासारखा आहे. २०२० मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. २३७० पुरुषांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम जस्त आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल दिले. जिवंत बाळ जन्माला येण्याचे प्रमाण वाढले नाही, वीर्याचा दर्जा सुधारला नाही. उलट तुटलेला डीएनए या गटात थोडा जास्तच आढळला. ज्याच्याकडे जस्त पुरेसे आहे त्याला आणखी देऊन काही साधत नाही, असा याचा अर्थ मी लावतो. खरी कमतरता असलेल्याची गोष्ट वेगळी.

म्हणूनच तपासणीला आलेल्या पुरुषाला तो काय काम करतो, हे विचारायलाच हवे. बॅटरी, वेल्डिंग, धातू वितळवणे, रंग. संपर्क थांबला की नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, आणि ते वीर्यात उतरायला आणखी थोडे. पण शिसे हाडांत साठते आणि वर्षानुवर्षे रक्तात झिरपत राहते. त्यामुळे अशा कामगाराच्या बाबतीत तीन महिन्यांनी वीर्य पुन्हा तपासून भागत नाही, रक्तातील शिशाची पातळीही पुनःपुन्हा मोजावी लागते.