खाऱ्या हवेतल्या गिटारी

मृगाचा पाऊस स्थिरावला की आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात दरवाजे चौकटीत अडकायला लागतात, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं आणि भिंतीवर टांगलेल्या गिटारींच्या तक्रारी सुरू होतात. घर चिऱ्याचं, वर कौलं, समुद्र हाकेच्या अंतरावर. अशा जागी गिटारी जमवायच्या तर हौसेबरोबर थोडं रसायनशास्त्रही पदरात घ्यावं लागतं. माझ्याकडे चार ॲकूस्टिक आणि तीन इलेक्ट्रिक आहेत, त्यातली एकही फार महागाची नाही. सगळ्या एकाच खोलीत, एकाच हवेत असतात, पण दोन्ही जातींची दुखणी साफ वेगळी. ॲकूस्टिक लाकडाने आजारी पडते, इलेक्ट्रिक धातूने. हे असं का, ते कळायला आवाज नेमका कुठे तयार होतो तिथून सुरुवात करायला हवी.

नुसती ताणलेली तार छेडली तर ती जेमतेम ऐकू येते. ती इतकी बारीक असते की तिच्या हलण्याने हवा फारशी ढकललीच जात नाही. ॲकूस्टिक गिटारमध्ये तारेची थरथर ब्रिजवाटे, म्हणजे तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या लाकडी तुकड्यावाटे, वरच्या फळीत उतरते आणि ती रुंद फळी खोलीतली हवा हलवते. ही फळी बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची, जाडी अडीच-तीन मिलिमीटर. आवाजाचा मोठा भार तिच्यावरच असतो. स्पेनच्या अंतोनियो दे तोरेस या कारागिराने १८६२ मध्ये पाठ आणि कडा चक्क कागदी लगद्याच्या करून, वरची फळी तेवढी लाकडाची ठेवून एक गिटार बांधली होती. ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

फळी पातळ असल्याशिवाय नीट हलणार नाही, आणि पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपासचा ओढा तिला रात्रंदिवस सोसायचा असतो. म्हणून तिला आतून आडव्या-तिरप्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पावसाळ्यातली सगळी भानगड या फळी-पट्टीच्या संसारात होते.

झाड तोडून वर्षं झाली तरी लाकूड हवेशी पाण्याची देवघेव करतच राहतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी मुरलेलं असतं. बहुतेक गिटारी अशाच हवेत, ४५ ते ५५ टक्क्यांत, बांधल्या जातात. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली आणि तिथेच राहिली, की तेच पाणी १७-१८ टक्क्यांवर जातं. जुलैत आमच्याकडे ८५ म्हणजे बऱ्यापैकी कोरडा दिवस.

हे पाणी पेशींच्या भित्तिकांत शिरतं आणि लाकूड फुगवतं, पण सगळीकडे सारखं नाही. धाग्यांच्या लांबीत फरक नगण्य, रुंदीत मात्र चांगलाच. गिटारीची फळी सर्वांत रुंद जागी साधारण ४० सेंटिमीटर असते. ९ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर जाताना एवढी स्प्रूसची फळी, मोकळी सोडली तर, साडेचार-पाच मिलिमीटरनी रुंद होईल. पण ती मोकळी कुठे असते? कडेने चिकटवलेली, आणि आतल्या पट्ट्यांचे धागे तिच्या धाग्यांना छेदून जाणारे. पट्ट्या लांबीत वाढायला तयार नाहीत, फळीला रुंदीत वाढायचंच आहे. मग ती वर उचलली जाते, पोट काढते. तिच्याबरोबर ब्रिज वर येतो आणि तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे मानेवरच्या बोटं दाबायच्या पट्टीपासून, लांब जातात. त्या पट्टीवरच्या धातूच्या आडव्या काड्या म्हणजे फ्रेट. ज्या तारा बाराव्या फ्रेटवर अडीच मिलिमीटर उंच होत्या त्या तीन-साडेतीनवर गेल्या की बोटांना लगेच कळतं. वाजवणारे म्हणतात, ॲक्शन वर गेली.

सूरही हलतो. फळी उचलली गेल्याने तारा किंचित जास्त ताणल्या जातात आणि गिटार चढते. त्याच संध्याकाळी शेजारच्या देवळातल्या भजनात पखवाज मात्र उतरलेला असतो, कारण कातडं ओल धरून सैल पडतं. आमच्या गावात श्रावणात गिटार आणि पखवाज एकत्र वाजवायची कुणाला हुक्की आलीच, तर आधी अर्धा तास खुंट्या पिळणं आणि गठ्ठे ठोकणं एवढंच चालेल. शिवाय ओलं लाकूड जड होतं, थोडं मऊ पडतं आणि कंपनं स्वतःतच जिरवतं. उंच स्वरांची झळाळी आधी जाते. घसा बसल्यासारखा आवाज येतो.

यात स्वस्तातली प्लायच्या फळीची गिटार मजेत असते. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने एकाची वाढ दुसरा रोखून धरतो. आवाजात ती अखंड लाकडाला गाठू शकत नाही, पण कोकणात पहिली गिटार कुठली घ्यावी असं कुणी विचारलं तर मी बेधडक प्लायची सांगतो. महागड्या वाद्याचं कौतुक सांगणारे बहुधा कोरड्या गावात राहतात.

माझ्या एका गिटारीची पाठ शिसवीची आहे. ब्राझीलच्या रोझवुडवर निर्बंध आले तेव्हा, १९७० च्या आसपास, अमेरिकेतले मोठे गिटार बनवणारे भारतीय शिसवीकडे वळले. म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवरही वाढणारं हे झाड जगभरच्या गिटारींच्या पाठीवर जाऊन बसलं. शिसव जड आणि घट्ट असते, ओल सावकाश घेते, त्यामुळे पाठीची काळजी मला कमी असते.

आता इलेक्ट्रिक. तिच्यात हवा हलवायचं काम फळीकडे नाहीच. तारांखाली पिकअप असतो: चुंबकाभोवती केसासारख्या बारीक, ०.०६ मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात हलली की वेढ्यांत वीज उपजते, आणि ॲम्प्लिफायर तिचा आवाज करतो. हे तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. गिटारीला ते जोडायला पुढे शंभर वर्षं गेली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रिकनबॅकरची पहिली इलेक्ट्रिक आली, १९५० मध्ये फेंडरची भरीव लाकडाची, आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. भरीव ठोकळा थोडा फुगला तरी आवाजाला फरक जाणवत नाही. मान तेवढी वाकते, पण तिच्या आत पोलादी सळई असते, ती ॲलन कीने जराशी फिरवली की काम भागतं.

खरा घात मिठाचा. लाटा फुटताना उडालेले बारीक तुषार वाऱ्याबरोबर घरात येतात आणि जिथे बसतात तिथे मीठ ठेवून जातात. बोटांच्या घामातही मीठ असतंच. आता बरणीतलं मीठ आठवा. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला तर ३३ टक्केही पुरतात. म्हणजे तारेवर बसलेला मिठाचा कण जून ते सप्टेंबर सुकतच नाही. तो खाऱ्या पाण्याचा थेंब बनून राहतो.

गिटारीच्या वरच्या साध्या तारा पोलादाच्या, वर कथलाचा मुलामा. छपराच्या पत्र्यावर जस्त असतं, ते ओरखडा पडला तरी स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. कथील नेमकं उलटं वागतं: ओरखडा पडला की खाऱ्या ओलीत लोखंडच झिजतं आणि कथील शाबूत राहतं. तारेवर ओरखडे पडणार नाहीत हे तर शक्यच नाही, ती फ्रेटवर घासण्यासाठीच आहे. ॲकूस्टिकच्या जाड तारांत पोलादी गाभ्यावर ब्राँझचे वेढे असतात. तिथेही हीच कथा, तांब्याच्या मिश्रधातूशेजारी पोलाद आधी गंजतं, आणि तेही आतून, दिसत नाही अशा जागी. वेढ्यांच्या फटींत गंज आणि मळ साचला की तार सगळीकडे सारख्या वजनाची राहत नाही, तिचे वरचे स्वर बेसूर होतात आणि चटकन विझतात. तार मेली म्हणतात ती अशी. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसणं हा सर्वांत स्वस्त उपाय. प्लास्टिकचं पातळ आवरण असलेल्या तारा महाग पडतात, पण इथे त्यांचे पैसे वसूल होतात.

इलेक्ट्रिकमध्ये याशिवाय आतली दुखणी. पिकअपमधून येणारी वीज इतकी क्षीण असते की जॅकवर, म्हणजे ॲम्प्लिफायरची वायर खोचायच्या जागी, गंजाचा अदृश्य थर बसला तरी तिची वाट अडते. घरातल्या स्विचमध्ये असा थर ठिणगीने जळून जातो, इथे ठिणगी पडण्याइतकी ताकदच नसते. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना येणारी खरखर बहुतेकदा नॉबखालच्या अशाच थराची किंवा मळाची, कॉन्टॅक्ट क्लीनर फवारला की जाते. पिकअपच्या तारेवर मुलामा असतो, पण तिच्या टोकाशी, जिथे डाग दिलेला असतो, तिथे ओल शिरली तर हिरवट बुरा दिसतो आणि एक दिवस पिकअप मुका होतो.

पावसात लाइट जाणार, इन्व्हर्टर सुरू होणार. साध्या, एकेरी वेढ्यांच्या पिकअपला ते लगेच कळतं. नेहमीच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण असते, ती स्वस्त इन्व्हर्टरवर करकरीत होते, कारण त्याच्या चौकोनी लाटेत १५०, २५०, ३५० अशा वरच्या कंपनसंख्या मिसळलेल्या असतात. १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन वेढे उलटसुलट जोडून ही बाहेरची गुणगुण एकमेकींत खोडून टाकणारा पिकअप, हमबकर, तयार केला. वारा सुटला की मी हमबकरवालीच काढतो.

उपायांचं बोलायचं तर लोक सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या खड्यांच्या, पुड्या गिटारीच्या केसमध्ये (पेटीत) टाकतात आणि निर्धास्त होतात. हिशोब करून बघा. बंद केसमधल्या हवेत जास्तीचं पाणी असतं फार तर एक ग्रॅम. पण दीड-पावणेदोन किलो लाकडाने आठ टक्के पाणी वर पिऊन ठेवलेलं असेल तर ते सव्वाशे ग्रॅमच्या पुढे जातं. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा पाणी धरतं. म्हणजे गिटारीला अर्धा किलो जेल हवं, आणि ते तापवून पुन्हा पुन्हा सुकवायला हवं. दहा ग्रॅमच्या पुडीने मनाचं समाधान होतं.

कौलारू घरात डीह्युमिडिफायर लावणं म्हणजे वेंगुर्ल्याचं अख्खं आभाळ सुकवायला घेणं. त्यापेक्षा आपल्याकडची जुनी युक्ती शहाणी: लाकडी कपाट आणि खाली पिवळा झिरोचा बल्ब. नावाला झिरो, पण खातो पंधरा-एक वॅट आणि ते जवळजवळ सगळे उष्णतेत जातात. हवा २७ अंशांवरून ३२ वर नेली, तर त्याच पाण्याला ८८ टक्क्यांऐवजी ६६ टक्के आर्द्रता म्हणतात, आणि लाकूड १२ टक्क्यांच्या आसपास थांबतं. एलईडीचा बल्ब यात निरुपयोगी, तो तापतच नाही. बल्ब गिटारीला चिकटून मात्र नको, ब्रिजचा गोंद उष्णतेने सरकतो.

आर्द्रता मोजायला दोन-तीनशे रुपयांचा हायग्रोमीटर पुरतो, पण त्यावर विश्वास टाकण्याआधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून चिखलासारखं करा, ते आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात शेजारी ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी काटा ७५ वर हवा. ८१ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी सहा वजा करायचे. तारा खाणारं मीठ इथे कामाला येतं.

घाट चढला की गणित उलटं होतं. एप्रिलच्या दुपारी पुण्यात आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. कोकणात ओल प्यायलेलं लाकूड तिथे भराभर आकसतं. फ्रेट धातूचे, ते आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोकं कडेला हाताला बोचू लागतात. फळी आक्रसून तडकण्याची भीती खरी, आणि ती जोडापाशी किंवा ब्रिजच्या खाली तडकते. पुण्याचा भाचा सुट्टीत गिटार मागतो, तेव्हा मी त्याला प्लायची देतो, वर केसमध्ये भोकं पाडलेली साबणाची डबी आणि तिच्यात घट्ट पिळलेला ओला स्पंज, आणि पोचल्यावर एक दिवस केस उघडायची नाही अशी ताकीद.