डॉलीच्या आधी बेडूक: क्लोनवरच्या कादंबऱ्यांची पार्श्वभूमी

माणसाच्या क्लोनवरची, म्हणजे त्याच जनुकांपासून घडवलेल्या नकलेवरची कादंबरी म्हटलं की क्लोन करून जन्मलेली डॉली मेंढी आठवते. पण या कादंबऱ्यांमागच्या विज्ञानाची सुरुवात बेडकांपासून झाली. 1952 मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट ब्रिग्ज आणि थॉमस किंग यांनी बेडकाच्या अंड्यातलं केंद्रक, म्हणजे जनुकं असलेला पेशीचा गाभा, काढून तिथे एका भ्रूणाच्या पेशीतलं केंद्रक बसवलं आणि त्यातून बेडूकमासे वाढवले. दहा वर्षांनी ऑक्सफर्डच्या जॉन गर्डन यांनी बेडूकमाशाच्या आतड्यातली पेशी घेऊन तोच प्रयोग केला. आतड्याचं काम करणाऱ्या पेशीतही अख्खा बेडूक घडवण्याची माहिती शाबूत असते, हे त्यातून दिसलं. गर्डन यांना नोबेल मिळायला मात्र 2012 उजाडलं.

लेखकांना इतकी वाट बघायची नव्हती. ऑल्डस हक्सली यांनी 1932 मध्येच कादंबरीत एका अंड्यातून 96 जुळी काढणारा कारखाना रंगवला होता. पण तिथे मुद्दा समाजाचा होता, त्या एकेकट्या माणसाला आपण कोण हा प्रश्न पडत नव्हता. तो पडू लागला सत्तरच्या दशकात. आयरा लेव्हिन यांच्या 1976 च्या कादंबरीत हिटलरचे 94 क्लोन वेगवेगळ्या घरांत वाढतात. हिटलर लहान असताना त्याचे सरकारी नोकर असलेले वडील 65 व्या वर्षी वारले, म्हणून या मुलांच्या दत्तक वडिलांनाही त्याच वयाच्या सुमारास मारायचा बेत आखला जातो. थरारकथेच्या आवरणाखाली लेव्हिन यांनी फार शहाणी गोष्ट सांगितली आहे: जनुकं जुळवून भागत नाही, बालपणही जुळवावं लागतं.

1978 मध्ये तर एका पत्रकाराने माणसाचा क्लोन जन्मल्याचा दावा करणारं पुस्तक ‘सत्यकथा’ म्हणून छापलं. तीन वर्षांनी न्यायालयाने ते बनावट ठरवलं.

डॉली जन्मली 5 जुलै 1996 रोजी, स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये. केंद्रक बदललेल्या 277 अंडपेशींमधून ती एकटीच जगली. गंमत पुढेच आहे. 2001 मध्ये टेक्सासमध्ये एका तिरंगी मांजरीचा क्लोन जन्मला, पण ‘सीसी’ नावाच्या त्या पिल्लाच्या अंगावर मूळ मांजरीसारखे नारिंगी ठिपके नव्हतेच. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र झोपी जातं आणि अशा मांजरीचा रंग त्यावर ठरतो. क्लोनसाठी घेतलेल्या पेशीत नारिंगी रंगाचं जनुक असलेलं गुणसूत्र बंद होतं. नक्कल हुबेहूब असते, या समजाला प्रयोगशाळेतच तडा गेला.

त्यानंतरच्या चांगल्या लेखकांनी ‘क्लोन मूळ माणसासारखाच असेल का?’ हे कोडं बाजूला ठेवलेलं दिसतं. काझुओ इशिगुरो यांच्या 2005 च्या कादंबरीत अवयवांसाठी वाढवलेली मुलं एका शाळेत शिकतात, चित्रं काढतात, प्रेमात पडतात. आपण ज्यांच्यावरून घडलो त्यांना शोधायचा प्रयत्नही ती करून बघतात, पण कादंबरी तिथे रेंगाळत नाही. कोणाच्या तरी सोयीसाठी जन्माला घातलेल्या माणसाचं आयुष्य कोणाच्या मालकीचं, हा तिचा खरा विषय आहे.