नवी ऑपरेटिंग सिस्टीम आणि तीच अडखळणारी टाइमलाइन

फोरके (4K) फुटेज व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकलं, चार कट मारले, वर थोडं कलर करेक्शन लावलं की व्हिडिओ अडखळायला लागतो. अशा वेळी कोणीतरी हमखास सुचवतं, 'ओएस अपग्रेड कर, मग बघ कसं पळतं!' सल्ला फुकट आणि अपग्रेडही बहुतेकदा फुकटच, त्यामुळे मोह आवरत नाही. कधीकधी फरक पडतोही. पण तो कशामुळे पडतो, ते बहुतेकांना ठाऊक नसतं.

आधी कामाचा आवाका बघू. फोरकेच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. प्रत्येकी चार बाइट धरले तर एक फ्रेम ३३ एमबीची झाली. सेकंदाला ३० फ्रेम म्हटलं की दर सेकंदाला जवळजवळ एक जीबी. एवढा ऐवज छोट्या फाइलमध्ये बसवायचा म्हणून कॅमेरा एच.२६४ किंवा एचईव्हीसीसारखा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत, वापरतो. हे कोडेक प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवतच नाहीत. मध्येच एखादी फ्रेम पूर्ण ठेवतात आणि बाकीच्यांच्या बाबतीत शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, तेवढंच टिपून ठेवतात. नुसता व्हिडिओ बघताना याची अडचण होत नाही, कारण फ्रेम ओळीने येत राहतात. एडिटिंग करणारा मात्र प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवरची सरकती रेघ, वाटेल तिथे नेऊन सोडतो. तो सतराव्या फ्रेमवर थांबला, की मशीनला मागची पूर्ण फ्रेम गाठून तिथून हिशेब मांडत परत यावं लागतं. प्लेहेड मागे-पुढे ओढताना मशीनला धाप लागते ती यामुळे.

हा हिशेब प्रोसेसर करू शकतो, पण त्यात त्याचा घाम निघतो. म्हणून आजच्या चिपमध्ये खास याच कामासाठी वेगळा भाग असतो. इंटेलने तो २०११ मध्ये 'क्विक सिंक' या नावाने आणला. एडिटिंगचं सॉफ्टवेअर या भागाशी थेट बोलत नाही. मध्ये ऑपरेटिंग सिस्टीम आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) असतात. त्यांनी ती सोय पुढे दिलीच नाही, तर चिप असूनही नसल्यासारखी.

मॅकवाल्यांनी हे अनुभवलं आहे. इंटेलच्या २०१५च्या स्कायलेक चिपमध्ये एचईव्हीसी उलगडण्याची ताकद होती, पण मॅकओएसमध्ये एचईव्हीसीचा आधार आला तो २०१७ च्या हाय सिएरापासून. तेच मशीन, तीच चिप, फक्त सिस्टीम बदलली आणि निजलेला भाग कामाला लागला. विंडोजकडचं उदाहरण २०२१ चं. इंटेलच्या बाराव्या पिढीत ताकदवान आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) एकत्र आले. कोणतं काम कुठल्या कोअरवर टाकायचं, हे नीट ठरवता यावं म्हणून विंडोज ११ चा शेड्युलर या चिपशी जुळवून बनवला गेला. तुमच्या प्रोसेसरचे सगळे कोअर एकाच जातीचे असतील, तर या सुधारणेतून तुमच्या वाट्याला काहीच येत नाही.

त्याआधीची झेप याहून मोठी होती. ३२ बिट सिस्टीममध्ये एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त ४ जीबी मेमरीचे पत्ते मिळत, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. २०१० मध्ये प्रीमिअर प्रो सीएस५ हे एडिटिंग सॉफ्टवेअर फक्त ६४ बिटवर चालेल असं अडोबीने ठरवलं, तेव्हा सिस्टीम बदलणं हा खराखुरा इलाज होता. पण तो फायदा आता सगळ्यांच्या पदरात पडून गेला आहे. पुन्हा तसा मिळणार नाही.

आणि गाडी उलटी धावल्याची उदाहरणंही आहेत. २०१८ मध्ये मॅकओएस मोहावे आलं, पण एनव्हिडियाच्या नव्या ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर त्यावर आलेच नाहीत. कुडावर, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डाकडून हिशेब करून घेण्याच्या सोयीवर, रेंडर करणारे कित्येक एडिटर त्यामुळे मुद्दाम हाय सिएरावरच थांबले. त्याच वर्षी मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटींवरचे पॅच आले. सुरक्षेसाठी ते हवेच होते, पण जुन्या प्रोसेसरवर, विशेषतः डिस्कची खूप ये-जा असलेल्या कामात, त्यांनी वेग खाल्ला.

काही अडचणींवर तर कुठल्याच सिस्टीमकडे औषध नाही. बरेच नवे कॅमेरे ४:२:२ रंगनमुन्याचं १० बिट, म्हणजे रंगाची जास्त माहिती राखणारं, एचईव्हीसी देतात. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ते उलगडण्याची सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. त्याआधीच्या कार्डावर कितीही नवी ओएस टाका, सर्किट नाही ते नाही. फुटेज फिरत्या हार्ड डिस्कवर असेल आणि तीन-चार कॅमेऱ्यांचे अँगल एकदम चालवायचे असतील, तर तिथेही तेच, डिस्कचा वेगच अपुरा पडतो.

म्हणून आधी घोडं अडलंय कुठे ते बघा. विंडोजमध्ये टाइमलाइन प्ले करून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडलं की व्हिडिओ डीकोडचा आलेख दिसतो. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि हा आलेख सपाट, तर चिपचा तो भाग वापरलाच जात नाहीये. आधी सॉफ्टवेअरमधलं हार्डवेअर डीकोडिंग चालू आहे का ते पाहा, मग ग्राफिक्स ड्रायव्हर, आणि शेवटी ओएस. आलेखच शंभरला टेकला असेल, तर चिपची मर्यादा आली. तिथे प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवणं हाच व्यवहारी उपाय. मेमरी तुडुंब भरली असेल, तर रॅम वाढवा. नव्या ओएसने मेमरीवरचा भार वाढण्याचीच शक्यता जास्त.

अपग्रेड करायचंच ठरलं, तर हातातला प्रोजेक्ट संपवून करा. नव्या सिस्टीमसाठी एडिटिंग सॉफ्टवेअरही बदलावं लागलं, तर नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली प्रोजेक्ट फाइल सहसा जुन्या आवृत्तीत उघडत नाही. जुनी प्लगइन चालतील का, तेही आधीच तपासा. आणि फरक मोजायचा, तर एकच क्लिप त्याच सेटिंगवर आधी आणि नंतर एक्स्पोर्ट करून घड्याळ लावा. फक्त नंतरची नोंद पहिल्याच दिवशी घेऊ नका. अपग्रेडनंतर सिस्टीम मागच्या मागे सगळ्या फाइलींची सूची नव्याने बनवत असते आणि तोवर सगळंच मंद वाटतं.